सुवर्ण गुणोत्तराने चित्राला गुण द्यायचे का?

रंगीत खडू:
मी कोकणात, किनाऱ्यावरच्या एका गावात चित्रकला शिकवते. गेल्या आठवड्यात तालुक्याची चित्रस्पर्धा झाली. आमच्या सातवीतल्या एका मुलीने आजोबांची होडी काढली होती. कागदाच्या अगदी डाव्या कडेला वाळूत ओढून ठेवलेली होडी, उलांडीचा, म्हणजे होडीचा तोल सांभाळणाऱ्या बाजूच्या लाकडाचा, दांडा कागदाबाहेर गेलेला, आणि उरलेला सगळा कागद म्हणजे ओहोटीची ओली वाळू. त्या वाळूवर बारक्या खेकड्यांनी टाकलेल्या मातीच्या गोळ्या तिने एकेक करून रंगवल्या होत्या. आजोबा पावसाळ्याआधी गेले, तेव्हापासून होडी पाण्यात उतरलेली नाही. ती रिकामी वाळू हेच सांगत होती. परीक्षकांनी गुण कापले आणि मागे पेन्सिलने लिहिलं, 'मुख्य विषय सुवर्ण गुणोत्तराच्या बिंदूवर नाही.'

मला याचा राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एका रेघेचे दोन तुकडे असे करायचे की अख्खी रेघ मोठ्या तुकड्याच्या जितकी पट, तितकीच पट मोठा तुकडा लहान तुकड्याच्या असावा. ही पट येते १.६१८ च्या जवळपास, आणि तिलाच सुवर्ण गुणोत्तर म्हणतात. कागदाची रुंदी आणि उंची अशी विभागली की रेघा जिथे छेदतात, तो परीक्षकांचा 'बिंदू'. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने ही विभागणी लिहून ठेवली, पण ती भूमितीतल्या रचना करण्यासाठी. ती सुंदर दिसते, असं तो कुठेही म्हणत नाही. १५०९ साली लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने तिला 'दैवी' म्हटलं, त्याच्या पुस्तकातल्या आकृत्या लिओनार्दोने काढल्या, आणि तेवढ्यावरून लिओनार्दोची सगळी चित्रं या मापात बसवण्याचा उद्योग सुरू झाला. 'सुवर्ण' हे विशेषण छापील स्वरूपात येतं ते १८३५ मध्ये, मार्टिन ओम या जर्मन गणितज्ञाच्या पुस्तकात. आणि शरीर, झाडं, इमारती, सगळ्यांच्या सौंदर्याचा हाच नियम, असं ठासून सांगितलं ते आडोल्फ त्साइझिंग या जर्मन लेखकाने, १८५४ साली. अथेन्सच्या पार्थेनॉनचं नाव हमखास घेतलं जातं. त्याच्या चौथऱ्याची रुंदी आणि लांबी ४ ला ९ अशी आहे, म्हणजे २.२५. दोनशे वर्षंही न झालेली समजूत सनातन नियम म्हणून मुलांच्या माथी मारायची का?

अक्षरजुळणी:
बाई, त्या मुलीवर अन्याय झाला, यात दुमत नाही. पण परीक्षकाच्या चुकीसाठी गुणोत्तराला झोडपू नका. मी रत्नागिरीत छपाईच्या धंद्यात आहे, लग्नपत्रिकांपासून आंब्याच्या पेट्यांच्या लेबलांपर्यंत सगळं करतो. पेटीच्या लेबलावर मजकूर १० च्या टाइपात असेल तर उपशीर्षक १६, शीर्षक २६, आणि बागेचं नाव ४२. प्रत्येक पायरी आधीच्या सुमारे १.६१८ पट. डोळ्याला खटकत नाही, आणि गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना माझ्याकडे सांगायला कारण असतं.

ल कॉर्बुझिएसारख्या वास्तुरचनाकाराने याच गुणोत्तरावर 'मोड्युलॉर' नावाची मापांची अख्खी पट्टी तयार केली आणि चंडीगडच्या इमारतींत ती वापरली. तो काही भोळा नव्हता. शिवाय १८७६ मध्ये फेकनर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने लोकांपुढे दहा आयत ठेवले, चौरसापासून लांबुळक्यापर्यंत, आणि विचारलं की कोणता आवडतो. सर्वांत जास्त, सुमारे ३५ टक्के, मतं पडली ती सुवर्ण आयतालाच, म्हणजे ज्याची लांबी रुंदीच्या १.६१८ पट असते त्याला.

रंगीत खडू:
फेकनरचे आकडे पूर्ण बघूया. सुवर्ण आयताच्या अलीकडचा १.५ चा आणि पलीकडचा १.७७ चा, या शेजाऱ्यांनाही प्रत्येकी वीस टक्क्यांच्या आसपास मतं होती. तिघांची बेरीज पाऊणशेच्या घरात. म्हणजे लोकांना फार चौकोनी नको आणि फार लांबट नको. यातून १.६१८ या आकड्यालाच काही खास आहे, हे कसं निघतं?

कॉर्बुझिएने पट्टीसाठी माणसाची उंची आधी १७५ सेंटिमीटर धरली, पुढे १८३ केली, कारण ती सहा फुटांत नीट बसते. त्याने ठरवून वापरलं आणि त्यातून त्याला शिस्त मिळाली, हे मला मान्य. तुमच्या लेबलालाही ती शिस्तच उपयोगी पडते. पण १० नंतर १५, मग २२, मग ३४ घेतलंत, तर तुमचा आंबा कमी विकला जाईल का? ज्या ए-फोर कागदावर तुम्ही रोज छापता त्याचं गुणोत्तर १.४१४ आहे, आणि त्यामागे खरं कारण आहे: कागद मधोमध दुमडला तरी आकार तोच राहतो. असं कारण मला सुवर्ण आयतासाठी कुणी दाखवावं.

शाडूमाती:
ताई, आमच्या घरात चार पिढ्यांपासून गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना, आहे. आजोबा लाकडातले आणि दगडातले देवही घडवायचे, रवळनाथाची उभी मूर्ती त्यांच्या हातची आजही आमच्या गावच्या देवळात आहे. मला तुमचं म्हणणं पटत नाही. प्रमाण हे माणसाने उगाच चिकटवलेलं नसतं, ते हाडात असतं.

आमच्याकडे माप तालात. चेहरा म्हणजे एक ताल, त्याची १२ अंगुळं. गणपती पंचताल, म्हणून तो ठेंगणा आणि गोंडस. उभा देव नवताल, म्हणजे १०८ अंगुळं. चेहरा १२, मान ४, मानेपासून छाती १२, छातीपासून नाभी १२, नाभीपासून जांघ १२, मांडी २४, गुडघा ४, पोटरी २४, पाऊल ४. आता नाभीपासून जमिनीपर्यंतची बेरीज करा: ६८. आणि १०८ भागिले ६८ करा: १.५८८. सुवर्ण गुणोत्तराच्या किती जवळ आलं बघा! युक्लिड न वाचलेल्या माणसांच्या हाताला हे सापडलं, मग ते निसर्गातच असणार ना?

गणिताचा तास:
शाडूमाती, तुमची बेरीज बरोबर आहे आणि ती इथे मांडलीत याचा मला फार आनंद झाला. पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. सुवर्ण गुणोत्तर हवं असेल तर नाभी ६६.७५ अंगुळांवर यायला हवी. शास्त्र सांगतं ६८. सव्वा अंगुळाचा फरक आहे, आणि ज्या शास्त्रात अंगुळाचेही आठ यव पाडतात तिथे सव्वा अंगूळ ही चूक म्हणून सोडता येत नाही. तुमचे सगळे आकडे पुन्हा बघा: १२, ४, २४. एकूण एक चारच्या पटीत. तो शिल्पी चार आणि बाराच्या भाषेत विचार करत होता. सुवर्ण गुणोत्तर अपरिमेय आहे, कुठल्याही दोन पूर्णांकांच्या भागाकाराने ते मिळतच नाही. तुमच्या पूर्वजांच्या स्वच्छ, सुरेख पद्धतीवर परक्या आकड्याचा शिक्का मारायची गरज काय?

शाडूमाती:
सर, कागदावर सव्वा अंगूळ मोठं वाटतं. शाडू वाळताना आकसतो, तेव्हा त्याहून जास्त फरक पडतो.

गणिताचा तास:
आकसतो तो सगळाच आकसतो. १०८ ही कमी होतात आणि ६८ ही. भागाकार तोच राहतो.

शाडूमाती:
सगळा सारखा नाही आकसत. उभी मूर्ती स्वतःच्या वजनाने खाली बसते, वरचा भाग आधी वाळतो. हे हात घातल्याशिवाय कळत नाही.

माडाखालचो:
मी गणितातलो माणूस न्हय. माडार चढान आयुष्य गेला. माडाची चुडतां एकावर एक कधीच येनत नायत, फिरत फिरत वर जातत. नीट बघलास तर पाच वळी गावतत. काय माड उजवीक फिरता, काय डावीक. काल ह्या वाचलंय आणि परसातलो अननस कापूच्या आदी सुनेक डोळे मोजूक लावलंय. एका बाजून आठ वळी, दुसऱ्या बाजून तेरा. ह्या देवान केलेला, आमी नाय. मग बाई कशा म्हणतत, माणसान चिकटवलेला?

गणिताचा तास:
काका, तुमच्या सुनेने मोजलं ते अगदी खरं, आणि या धाग्यातला सर्वांत भक्कम मुद्दा तोच आहे. ५, ८, १३ हे ज्या मालिकेतले आकडे आहेत तिला जग फिबोनाचीची मालिका म्हणतं, त्याचं पुस्तक १२०२ चं. पण आपल्याकडे विरहांकाने आणि पुढे ११५० च्या सुमारास हेमचंद्राने हेच आकडे छंदशास्त्रात मांडले होते. लघु एक मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा. चार मात्रा किती प्रकारे भरता येतील? गागा, गालल, लगाल, ललगा, लललल. पाच प्रकारे. पाच मात्रा आठ प्रकारे, सहा मात्रा तेरा प्रकारे. कारण सोपं आहे: ओळ संपते ती लघूने किंवा गुरूने. लघूने संपली तर आधी एक मात्रा कमी, गुरूने संपली तर दोन कमी. म्हणून प्रत्येक आकडा हा मागच्या दोघांची बेरीज. आणि शेजारचे आकडे भागत गेलात तर ८/५ म्हणजे १.६, १३/८ म्हणजे १.६२५, ३४/२१ म्हणजे १.६१९. हळूहळू सुवर्ण गुणोत्तराकडेच. चाळीस वर्षं शिकवलं, तरी अजून फळ्यावर हे लिहिताना मला तितकंच बरं वाटतं.

झाडात हे का येतं? शेंड्यावर नवा कोंब फुटतो तो आधीच्या कोंबांपासून जिथे जास्त मोकळी जागा असेल तिथे. असं होत गेलं की दोन कोंबांतला कोन १३७.५ अंशांच्या आसपास स्थिरावतो, आणि तो पूर्ण वर्तुळाचा सुवर्ण विभाग आहे, म्हणजे ३६० अंशांचे त्याच गुणोत्तरात दोन तुकडे केले तर त्यातला लहान. १९९२ मध्ये दुआदी आणि कुदे या फ्रेंच संशोधकांनी तेलात चुंबकीय द्रवाचे थेंब सोडून हीच नक्षी प्रयोगशाळेत उभी केली. थेंबात जीव नाही, फक्त एकमेकांना दूर ढकलणं आहे. तेवढं पुरतं.

मात्र शंखाच्या बाबतीत सावध राहा. ज्या नॉटिलसचं चित्र सगळे दाखवतात, तो उभा कापलेला आमच्या कॉलेजच्या कपाटात होता. मी मोजला होता: केंद्रापासून कडेपर्यंत ८४ मिलिमीटर, आणि त्याच रेषेवर एक फेरा आत २८. म्हणजे एका फेऱ्यात तिप्पट. सुवर्ण सर्पिल दर पाव फेऱ्याला १.६१८ पट, म्हणजे एका फेऱ्यात ६.८५ पट वाढतं, मग आतलं अंतर १२ च्या आसपास यायला हवं होतं. शंख सर्पिल आहे, सुंदर आहे, पण ते सर्पिल हे नव्हे.

अक्षरजुळणी:
मग माझा मुद्दा सिद्धच झाला की. अननस, माड, सूर्यफूल बघत आपण वाढतो. डोळ्याला त्या प्रमाणाची सवय होणार, आणि तेच प्रमाण कागदावर दिसलं की बरं वाटणार.

रंगीत खडू:
नाही, इथे एक पायरी गळली आहे. अननसात १.६१८ ही लांबी-रुंदी म्हणून कुठेच नाही. तिथे कोन आहे आणि ओळींची मोजणी आहे. अननस लांबट असो की गोल, ओळी आठ आणि तेराच. मग डोळ्याला आयताची सवय कुठून लागेल? कोंबाला जागा हवी म्हणून तो तिथे फुटतो. त्या मुलीला रिकामी जागा हवी होती म्हणून होडी कडेला गेली. दोन्हीकडे कारण आहे. कारण न बघता फक्त आकडा उचलायचा, याला माझा विरोध आहे.

कातळसडा:
थोडं वेगळं, पण याच प्रकारातलं. आमच्या भागातल्या कातळशिल्पांच्या फोटोंवर सर्पिल चिकटवून 'आदिमानवाला सुवर्ण गुणोत्तर माहीत होतं' असे संदेश फिरतात. काशेळी गावच्या कातळावर कोरलेला हत्ती साधारण १८ मीटर बाय १३ मीटर आहे, म्हणजे १.३८. आणि सड्यावर, म्हणजे त्या कातळाच्या पठारावर, उभं राहिलात तर कळेल की कोरलेली रेघ चांगली जाड आहे. आतल्या कडेपासून मोजायचं की बाहेरच्या? हवा तो आकडा काढता येतो. कृपया त्या हत्तीला त्याच्या मापात राहू द्या.

अक्षरजुळणी:
हे मान्य. फोटोवर सर्पिल टाकून काहीही दाखवता येतं. पण कोऱ्या कागदापुढे बसलेल्या नवख्या पोराला 'कारण शोध' एवढंच सांगितलं तर तो गांगरतो. त्याला सुरुवातीला एक पट्टी लागते. मी ती काढून घेणार नाही.

रंगीत खडू:
पट्टी हातात द्या, मीही देते. तिने गुण कापू नका.

शाडूमाती:
दोन दिवस लिहिलं नाही, कारण माळ्यावर आजोबांची मापाची कांबट शोधत होतो. सापडली. धुराने काळी झालेली, बांबूची. खाचा मोजल्या: २७. म्हणजे चार अंगुळांची एक खाच. नाभीची खाच खालून सतरावी, तिच्याभोवती लाल रंगाचा जुना डाग आहे. सर, तुम्ही बरोबर होतात. त्या कांबटीवर ६६.७५ ला जागाच नाही.

पण एक गोष्ट मला बाबांनी सांगितलेली आठवली आणि ती मी मागे घेणार नाही. उभ्या मूर्तीची नाभी ते खाचेच्या बोटभर खाली घेत. देव चौथऱ्यावर उंच उभा असतो, माणूस खाली हात जोडून वर बघतो, तेव्हा वरचा भाग आखूड दिसतो. म्हणून वर थोडी जास्त जागा ठेवायची. बोटभर खाली म्हणजे ६७. आता १०८ भागिले ६७ करून बघा.

गणिताचा तास:
१.६१२. केलं. पण ते बोट चौथऱ्याच्या उंचीने ठरवलं, आणि चौथरा बदलला तर बोटही बदलेल. रवळनाथाचा चौथरा किती उंच आहे?

शाडूमाती:
माझ्या छातीपर्यंत. टेप घेऊन जातो आणि नक्की आकडा कळवतो. ताई, त्या मुलीला आमच्या शाळेत पाठवा, डोळ्यांची रेखणी सुरू व्हायच्या आत. कांबट तिच्या हातात देतो, आणि येताना ते होडीचं चित्रही घेऊन यायला सांगा.

रंगीत खडू:
रविवारी सकाळच्या एसटीने येतो आम्ही दोघी.