थंडीत पाखरांना दाणे टाकणं म्हणजे चोचले? तर मग आमचंही ऐका

गच्चीवाली, लातूर

परवा इथं एका दादांनी लिहिलं की गच्चीवर फीडर टांगणं हे शहरातल्या लोकांचे चोचले आहेत, आपल्याकडं काही बर्फ पडत नाही, मराठवाड्यात थंडीत एकही पाखरू उपाशी मरत नाही, तुम्ही नुसते पारवे पोसायलात, बंद करा हे. खाली लोकांनी धडाधड लाइक ठोकले. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहायलेय.

बर्फ पडत नाही हे मलाही माहितीये. पण चिमणीएवढ्या जिवाला डिसेंबरची लांबलचक रात्र काढायला संध्याकाळी पोट भरलेलं लागतं आणि उजाडल्या उजाडल्या परत लागतं. आणि हे अन्न कुठून मिळायचं ते आठवा जरा. आमच्या कॉलनीत निम्मे प्लॉट मोकळे होते, पावसाळ्यातलं गवत दिवाळीनंतर पिकून उभं राहायचं, मुनिया त्या काड्यांवर लोंबकळून बी खायच्या. आता प्लॉट भरले, उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक बसले. धाब्याची घरं पाडली, भिंतीतली भोकं गेली. किराणा दुकानात पोती उघडी असायची, दारात सांडलेलं धान्य टिपायला चिमण्यांची झुंबड असायची, आता सगळं पाकिटात. म्हणजे त्यांचं ताट आपणच काढून घेतलं, आणि आता मूठभर बाजरी टाकली की ते चोचले?

आमची आजी नवी ज्वारी आली की चांगली भरलेली कणसं निवडून दाराच्या चौकटीला बांधायची, चिमण्यांसाठी. तिनं कुठला शहरातला व्हिडिओ बघितला नव्हता.

आणि पारव्यांचं म्हणाल तर मी दाणे पसरून टाकतच नाही. बाजरीची, राळ्याची कणसं दोरीला उलटी टांगते. पारव्याला लोंबकळून खाता येत नाही, चिमणीला नि मुनियेला येतं. पाव, फरसाण, खारं काही नाही. दुपारी खाली पडलेलं झाडून घेते, पाण्याचं परळ रोज घासते. यात कुणाचं काय बिघडलं ते सांगा. माझा पोरगा चौथीत आहे, त्याला साळुंकी नि भांगपाडी मैना यातला फरक कळतो, शाळेत कुणी शिकवला नाही. फेब्रुवारीत ती चार दिवसांची पक्षीगणना असते, पंधरा मिनिटं एका जागी बसून दिसेल ते मोजायचं, त्याला तो मोबाइल सोडून बसतो. बंद करा म्हणणाऱ्यांनी त्याला दुसरं काय द्यायचं तेही सांगावं.

बांधावरून, सेलू

ताई राग मानू नका पण तुम्ही ज्याला मूठभर घालायलात ते आमचं पोतं खातेत. भोरड्या, त्या गुलाबी मैना, बघितल्यात का तुम्ही कधी? चार नाही, आभाळ काळं होतं. ज्वारी चिकात आली की उतरल्याच म्हणून समजा, एक थवा बसून उठला की कणसाची नुसती बोंडं राहतेत. आमची माय ह्या वयात सकाळी सहाला माळ्यावर चढती, गोफण फिरवती, डबा बडवती, हाकारे घालून घालून तिचा घसा बसलाय. थंडी तिला वाजत नाही का? तिच्यासाठी कुणी फीडर टांगना. तिकडं तुम्ही पक्ष्यांचं कौतुक करा, इकडं आम्ही ज्वारी पेरावं का नाही ह्याच विचारात.

सरोवराकाठी, छ. संभाजीनगर

मूळ पोस्ट माझी नव्हती, पण मी त्याच बाजूचा आहे, त्यामुळं बोलतो.

गच्चीवाली ताई, थंडीतले पाहुणे कोण असतात आपल्याकडं? थिरथिरा, धोबी, माशीमार, वटवटे. ह्यातला एकही तुमची बाजरी खात नाही, सगळे किडे खाणारे. धोबी तुमच्या गच्चीवर शेपूट हलवत फिरेल, दाण्याकडं ढुंकून बघणार नाही. म्हणजे थंडी म्हणून जे तुम्ही करताय त्याचा ह्या पाहुण्यांशी संबंधच नाही. आणि चिमणीचं म्हणाल तर तिची पिल्लंसुद्धा दाण्यावर जगत नाहीत, त्यांना पहिले दिवस अळ्या लागतात. अळ्या कुठून येणार, दर शनिवारी कॉलनीत औषध फवारतात आणि अंगणात शोभेची परदेशी झाडं. बोर लावा, उंबर लावा, काटेसावर लावा. फेब्रुवारीत सावर फुलली की एका झाडावर जेवढे पक्षी येतात तेवढे सगळ्या कॉलनीच्या फीडरवर मिळून येत नाहीत.

दुसरं, रोगराई. ब्रिटनमध्ये घरोघर फीडर आहेत, तिथं २००५ पासून ट्रायकोमोनोसिस नावाचा रोग पसरला आणि ग्रीनफिंच नावाचा अगदी नेहमीचा बागेतला पक्षी निम्म्याहून कमी झाला. मुळात रोग कबुतर-होल्यांचा, लाळेतून पसरतो, सगळे एकाच भांड्यात चोच घालतात म्हटल्यावर दुसरं काय होणार. जिथं हे सगळं नीट, शिस्तीत चालतं तिथं हे झालं. आपल्याकडं शिस्तीचं काय ते तुम्हाला माहितीये.

उदगीरची

शिस्तीचं मी सांगते. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या उदगीरात कावळे पटापट मरून पडायला लागले, भर चौकात, बागेत. तपासणीत बर्ड फ्लू निघाला. लेकरांना घराबाहेर सोडायची भीती वाटत होती. त्याआधी २०२१ ला परभणीजवळ मुरुंब्याला कोंबड्या मेल्या होत्या तेही आठवत असंल सगळ्यांना. अशा वेळी गच्चीवर पाखरं गोळा करायची आणि ज्या हातानं परळ घासलं त्याच हातानं पोळ्या लाटायच्या, मला नाही पटत.

आणि पारवे. आमच्या वरच्या मजल्यावर एकजण रोज दोन किलो ज्वारी टाकतेत, पुण्य म्हणून. सगळी घाण आमच्या गॅलरीत. माझ्या सासऱ्यांना दम्याचा त्रास, डॉक्टरनी स्पष्ट सांगितलं की ह्या विष्ठेच्या धुळीनं फुफ्फुसाला सूज येती, खिडकी बंद ठेवा. आता थंडीच्या उन्हात म्हाताऱ्या माणसानं खिडकी बंद करून बसायचं? बोलायला गेले तर म्हणले मुक्या जिवाचा शाप लागंल. मुंबईत दादरचा कबुतरखाना २०२५ ला ताडपत्रीनं झाकला तेव्हा केवढा राडा झाला, माझं तर म्हणणं आहे बरं झालं झाकला.

गच्चीवाली, लातूर

उदगीरच्या ताई, सासऱ्यांचं वाचून वाईट वाटलं, दोन किलो ज्वारी टाकणाऱ्या माणसाला मी पण चार शब्द सुनावले असते. पण त्याचा हिशोब माझ्याकडून कामून वसूल करायलात? मी कणसं टांगते हे वर लिहिलंय. बर्ड फ्लूची साथ आली की भांडी उचलून ठेवायची, एवढी अक्कल आहे आम्हाला.

सरोवराकाठी दादा, झाडं लावा म्हणणं फार सोपं आहे. भाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर उंबर कुठं लावू? ज्याला जमीन आहे त्यानं लावावा, माझ्याकडं दहा फुटांची गच्ची आहे.

मास्तर, अंबाजोगाई

सेलूच्या दादांचा मुद्दा तसाच राहिला, तो महत्त्वाचा आहे. भोरड्या आधी पण येत होत्या. माझ्या लहानपणी कितीतरी जास्त येत असतील. पण तेव्हा सगळं शिवार ज्वारीचं, पाखरानं खाऊन खाऊन किती खाल्लं तरी ते सगळ्यांत वाटलं जायचं. लोक खरिपात रान मोकळं ठेवायचे आणि पावसाळा सरताना रब्बीची ज्वारी पेरायचे. आता खरिपात सोयाबीन, ते निघालं की हरभरा. सोयाबीनच्या रानात चिमणीनं काय खायचं? मग गावात जो एकटा ज्वारी पेरतो त्याच्याच रानावर साऱ्या शिवारातली पाखरं. पाखरं वाढली नाहीत दादा, ज्वारी कमी झाली. भोरडी नुसती दाणे खाती असंही नाही, उन्हाळ्यात मध्य आशियात तिचं मुख्य खाणं टोळ आणि नाकतोडे, आणि इथं पळस फुलला की परागीभवनाला तिचीही मदत होती.

बांधावरून, सेलू

मास्तर, टोळ तिकडं खाती ना, मग तिकडचे शेतकरी तिला ज्वारी पाठवतेत का? इथं आमच्या ताटातलं खाती त्याचं बोला.

आणि सोयाबीन आम्ही हौसेनं पेरायलो का? ज्वारी काढायला माणूस मिळत नाही, एक एक धाट उपटायचं, पेंढ्या बांधायच्या, कणसं खुडायची, खळं करायचं. सोयाबीन मळणीयंत्रात घातलं की संध्याकाळी पोती घरात. २०२५-२६ ला मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३७४९ होता आणि सोयाबीनचा ५३२८, तो सुद्धा बाजारात मिळत नव्हता. पगारी माणसानं शेतकऱ्याला पीक सांगायचं हे लई सोपं असतंय.

मास्तर, अंबाजोगाई

पगारावर यायची गरज नव्हती. माझीही चार एकर कोरडवाहू आहे, आणि त्यातली एक एकर दर वर्षी ज्वारी असते. का, तर कडबा. बैल विकले सगळ्यांनी म्हणून कडब्याची किंमत विसरलात. गाय ठेवा घरी मग बाजारात पेंढीचा भाव विचारा.

बांधावरून, सेलू

एक एकरची राखण कोण करतं तुमची? तुम्ही की सालगडी?

मास्तर, अंबाजोगाई

माझी बायको आणि मी. शाळा सुटल्यावर मी. अजून काही विचारायचंय?

हुरडावाला, पैठण रोड

इथं भांडण चाललंय म्हणून सांगतो, माझं पोट ज्वारीवरच आहे. गूळभेंडी ज्वारी पेरतो, डिसेंबर-जानेवारीत हुरड्याला लोक येतात. पाखरं आली की आधी मी पण सुतळी बॉम्ब लावायचो. आता चमकणारी फीत बांधतो चहूकडं, ती वाऱ्यावर फडफडली की निम्मा थवा वळतो, निम्मा बसतो. पण बांधाला लागून बाजरीचे दोन तास, म्हणजे दोन ओळी, मुद्दाम सोडलेत, चिमण्या नि मुनिया तिथंच रमतात. भोरडीला मात्र हे चालत नाही, ती थेट ज्वारीतच, हे सेलूच्या भावाचं अगदी खरं आहे. पण गंमत ही की शहरातली पोरं हुरडा खाऊन झाला की ह्या दोन तासांपाशीच उभी राहतात, मोबाइलवर फोटो काढतात. जायकवाडीचा नाथसागर जवळच आहे, तिथं पट्टकादंब येतात हिमालय ओलांडून, ते बघायला मी लोकांना पहाटे घेऊन जातो. ह्यातून पैसे मिळतात.

बांधावरून, सेलू

हुरडा पार्टीला माणशी पैसे घेतल्यावर दोन तास सोडायला परवडतं दादा. मोंढ्यात माल घालणाऱ्याला नाही परवडत. फीत मात्र कुठं मिळती ते सांगा, मायचं माळ्यावर चढणं तरी थांबंल.

हुरडावाला, पैठण रोड

कृषी सेवा केंद्रात मागा, रीळ मिळतं. एका बाजूनं लाल, एका बाजूनं चंदेरी असतं ते घ्या. कणसाच्या वर फूटभर उंच बांधा, बांधताना दोन-तीन पीळ द्या म्हणजे वाऱ्यात वाजती. आणि दर आठ दिवसांनी जागा बदला, नाहीतर पाखरं ओळखतात.

पतंगविरोधी, जालना

सगळे दाण्यावर भांडायलात, संक्रांत तोंडावर आली, नायलॉन मांजाचं कुणी काढंना. २०१७ ला हरित लवादानं देशभर बंदी घातली, तरी गल्लीत पाहिजे तेवढा मिळतो. मागच्या संक्रांतीला आमच्या दारातल्या कडुलिंबाला घार उलटी लटकलेली होती, पंख हाडापर्यंत चिरलेला. आधी गच्चीवरचा मांजा गुंडाळा, मग दाण्याचं बघू.

सरोवराकाठी, छ. संभाजीनगर

मांजाचं शंभर टक्के बरोबर, त्याचा वेगळा विषय काढा, मी येतो.

गच्चीवाली ताई, कणसं टांगायची पद्धत चांगली आहे हे मान्य करतो. पसरून टाकण्यापेक्षा नक्कीच चांगली. पण माझा मूळ मुद्दा तसाच आहे. तुम्ही ज्या दिवसांत जीव टाकताय ते दिवस चुकीचे आहेत. आपल्याकडं पाखरू थंडीत नाही मरत, एप्रिल-मे मध्ये मरतं, पाण्यावाचून. लातूरच्या माणसाला हे मी सांगायचं? २०१६ ला तुमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा पाखरांनी काय प्यायलं असेल? थंडीत फीडरचे फोटो टाकणारे निम्मे लोक मे महिन्यात गावाला जातात आणि परळ कोरडं पडतं, हे मी आमच्या सोसायटीत दर वर्षी बघतो.

गच्चीवाली, लातूर

२०१६ मला सांगू नका. घागरीला रांग लावून उभी राहिलेली बाई आहे मी. भांडी धुतलेलं पाणी गाळून झाडाला, आणि पिण्यातलं एक तांब्या परळात, असं केलंय आम्ही. सासू ओरडायची, तरी ठेवायचे. त्या परळावर होले, बुलबुल, सातभाई, आणि दुपारी खारी पण यायच्या.

मे महिन्यात गावाला जाणाऱ्यांचं तुमचं म्हणणं खरं आहे, सवय लावायची आणि निघून जायचं हे पाप आहे. मी शेजारच्या काकूंना किल्ली देऊन जाते. पण उन्हाळ्यात पाणी महत्त्वाचं म्हणून थंडीत कणीस टांगायचं नाही, हे कुठलं गणित? जो माणूस जानेवारीत पाखरू बघायला शिकतो तोच मे मध्ये परळ भरतो. जानेवारीतच हाकलून दिला तर मे मध्ये येणार कोण?

उदगीरची

परळ रोज घासणारी तुमच्यासारखी शंभरात एक असंल. बाकी नव्व्याण्णवांचं काय करायचं ते सांगा, कारण माझ्या डोक्यावर त्यांच्यातलाच एक राहतोय.

मास्तर, अंबाजोगाई

त्याला कणसं टांगायला शिकवा. ज्वारी पसरायची बंद झाली की पारवे आपोआप कमी होतील.

उदगीरची

तुम्ही या मास्तर उदगीरला, तुम्हीच शिकवा. माझं ऐकत नाहीत ते.

बांधावरून, सेलू

गच्चीवाली ताई, बाजरीचं कणीस विकत घेता का घरचं असतंय? दुकानात काय भावानं देतेत? आमच्याकडं पडून आहेत, पाखरानं अर्धी खाल्लेली. तशीच चालत असतील तर लातूरला एस.टी.नं पाठवतो, पण फुकट नाही.

गच्चीवाली, लातूर

अर्धी खाल्लेली चालतील. भाव सांगा.