७१ च्या युद्धाला २०३१ ला साठ वर्षं: राज्य आयोग कसा मागायचा?

माझे बाबा १ मराठा लाइट इन्फंट्रीत, जंगी पलटणीत होते. डिसेंबर १९७१ ला जमालपूरला, म्हणजे आत्ताच्या बांगलादेशात, लढले. गेल्या वर्षी ते गेले. त्यांची काळी ट्रंक उघडली, तर आईला धाडलेली पत्रं निघाली, काहींना वाळवी लागलेली. एकात लढाईचं अवाक्षर नाही, फक्त "ज्वारी पोटऱ्यात आली का?"

सुवर्णमहोत्सवाला एका कार्यालयाने बाबांचा वर्दीतला एकुलता एक फोटो प्रदर्शनासाठी नेला. परत मिळाला नाही. त्या वर्षी विजय मशाली देशभर फिरल्या, मलाही अभिमान वाटला. पण आमच्या ट्रंकेपर्यंत कुणी आलं नाही. ७१ ला वीस वर्षांचा असलेला जवान २०३१ ला ऐंशीचा असेल. म्हणून साठाव्या वर्षाची तयारी करणारा, अशा घरातल्या पत्रांपर्यंत पोचणारा राज्य आयोग आत्ताच हवा. निवेदन कुणाला द्यायचं?

बार्शीचा माजी सैनिक:
ताई, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाला द्या, प्रत मुख्यमंत्र्यांना. जमालपूरचं एक पत्र सगळ्यांना ठाऊक आहे. ९ डिसेंबरला ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून लिहिलं, पाकिस्तानी कर्नल सुलतान महमूदने उत्तरात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. ११ तारखेला जमालपूर पडलं. साहेबांची पत्रं इतिहासात गेली, जवानांची ट्रंकेत राहिली. तुमचं म्हणणं मला पटतं.

अभिलेखांचा विद्यार्थी:
अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने तिथल्या यादवी युद्धाच्या दीडशेव्या वर्षासाठी २००६ लाच आयोग नेमला, म्हणजे २०११ च्या पाच वर्षं आधी. राज्य ग्रंथालयाची माणसं स्कॅनर घेऊन गावोगावी गेली. लोकांनी घरातली पत्रं आणायची, समोर स्कॅन करून घ्यायची, मूळ कागद घेऊन घरी जायचं. आपल्याकडे हे काम पुराभिलेख संचालनालयाला जोडून मागा. तोवर वाळवीची पत्रं बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि सेलोटेप अजिबात लावू नका.

पार्क चौकातला:
एक अडचण दिसते. १२ जानेवारी २०३१ ला आपल्या चार हुतात्म्यांच्या फाशीला शंभर वर्षं होतील. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा, जगन्नाथ शिंदे यांच्यासाठी सोलापूर उभं राहील, राहायलाच हवं. डिसेंबरपर्यंत निधी उरेल का?

मूळ प्रश्नकर्ती:
दादा, ही तारीख माझ्या ध्यानातच आली नव्हती. मग निवेदनात दोन्ही लिहिते: निधी वेगळा, पण तालुक्याच्या गावी स्कॅनर आला की १९३० च्या सोलापुरातल्या मार्शल लॉच्या काळातले घरातले कागदही त्याच दिवशी घ्यावेत. मूळ कागद मालकाकडेच राहील, ही अट पहिल्या ओळीत घालणार आहे. आई ब्याऐंशीची आहे. पत्रांतली अक्षरं जिथे गेलीत, तिथलं तिला तोंडपाठ आहे. आज रात्री मोबाइलवर तिचा आवाज घेऊन ठेवते.