मदत हवी आहे: परदेशातली स्वयंसेवा आणि नेतृत्वाची तयारी

भाचा पदवी झाल्यावर वर्षभर परदेशात स्वयंसेवा करायची म्हणतोय. नुसतं फिरून येणं नको. माणसं सांभाळायला, निर्णय घ्यायला शिकवणारं काहीतरी हवं. पीस कॉर्प्स ही अमेरिकी सरकारची स्वयंसेवा संस्था १९६१ पासून चालू आहे, दोन वर्षांच्या सेवेआधी ज्या देशात पाठवतात तिथली भाषाही शिकवतात, पण ती फक्त अमेरिकी नागरिकांसाठी. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात युवा गट १८ ते २६ वयाचा, शिवाय राहण्या-जेवण्यासाठी भत्ता मिळतो. उलट काही खासगी संस्था स्वयंसेवकाकडूनच भरमसाट शुल्क घेतात, हे मला तरी पटत नाही.

कुणी असं जाऊन आलंय का? गटाची जबाबदारी खरंच हातात देतात, की सगळं प्रमाणपत्रापुरतंच? आणि निवडीच्या मुलाखतीत साधारण काय विचारतात?