दादाची बीएमडब्ल्यू विकायची हाये (घरच्या ग्रुपवरून)

दादा: राम राम मंडळी. ठरवलं, गाडी विकून टाकतो. बीएमडब्ल्यू 330आय, एम स्पोर्ट, 2019 ची, एमएच-31 पासिंग, पेट्रोल, 46 हजार किलोमीटर. पयल्यापासून माझ्याच नावावर. ओळखीत कोणी असन तर सांगा.

आई: काहून विकतो रे? बाबाले दवाखान्यात न्याले कामी येते ना.

दादा: आई, इतकी खाली हाये ती, बाबाले बसता-उठता येत नाई. मांगच्या बुधवारी आपण दोघांनी धरून काढलं त्याईले. समृद्धीवर सोनं हाये गाडी. पण इंटरचेंज उतरलं की गावापर्यंत 14 किलोमीटर अन् मधात तो नाल्यावरचा रपटा. पावसाळाभर टिनाच्या शेडात उभी राहते. बॅटरी बसते. सोयाबीन घरी आलं की उंदरं बोनेटात शिरतात, दोनदा वायरी कुरतडल्या.

भाचा, पुणे: मामा, नका ना विकू 😔 258 एचपी, 400 न्यूटन मीटर टॉर्क, 5.8 सेकंदात ताशी शंभर! आणि ताकद मागच्या चाकांना. अशी गाडी पुन्हा घ्यायला किती वर्षं लागतील.

दादा: माहीत हाये बेटा. एक्स-शोरूमच 47.90 लाख होती तवा. रात्रभर झोप नोती आली मले. पण उभ्या गाडीचा जीव जाते.

लहाने काका: मी दोघांसंग बोललो. नागपूरचा एक डीलर 27 लाख म्हणते. फारमावर सह्या करून द्या, बाकी आमी पाहून घेतो म्हणते. रायपूरचा एक जण 29 देते, त्यातले 10 लाख नगदी. दोन लाख काई कमी नाई. रायपूरवाल्याले देऊन टाका.

मी: काका, थोडं थांबा. दादा, कोऱ्या फारमावर एकही सही करू नको. हात जोडून सांगतो.

मी: मामाची मोटरसायकल आठवते का? 2016 मध्ये बाजारात शंभराच्या स्टँपवर विकली. घेणाऱ्यानं तिसऱ्याले देली, नाव कोणीच बदललं नाई. तिसऱ्यानं एका माणसाले उडवलं, इन्शुरन्स संपेल होता, अन् समन्स आलं मामाच्या घरी. मामीनं पोत गहाण ठेवली वकिलासाठी. त्या तारखांले मी मामासंग जात होतो, म्हणून एवढं लिहून रायलो. तिथंच वकिलानं सांगतलं का फेब्रुवारी 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं याच मुद्द्यावर निकाल देला, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. त्यातली कार एका हातून दुसऱ्या हाती जात राहिली, पण आरटीओच्या नोंदीत नाव पयल्याच मालकाचं. भरपाई त्याच्यावरच आली. स्टँप पेपर तिथं कामी येत नाई. ज्याचं नाव आरसीवर, तो मालक. हे तर 258 एचपीची गाडी हाये. कोण्या पोराच्या हाती जाईन, काय माहीत.

दादा: बरं. मंग कसं करू?

मी: डीलरले देणार असशीन तर पयले त्याचं आरटीओचं अधिकारपत्र पाहा, फॉर्म 29बी. 1 एप्रिल 2023 पासून हा नियम हाये. अशा डीलरले गाडी देली की फॉर्म 29सी भरून परिवहन खात्याच्या पोर्टलवर कळवा लागते. तिथून पुढं गाडीची जबाबदारी त्याची. अधिकारपत्र नसन तर 27 काय, 30 देला तरी देऊ नको.

मी: थेट माणसाले विकली तर नाव बदलाचे फॉर्म 29 अन् 30, सगळे रकाने भरून, त्याच्या सहीसकट, त्याच्या आधारची प्रत घेऊन. राज्यातच विकली तर विकणाऱ्यानं 14 दिवसांत आरटीओले कळवा लागते. रायपूर मंजे दुसरं राज्य, तिथं फॉर्म 28 वर आपल्या आरटीओची एनओसी लागते. अन् काका, 10 लाख नगदी चालतच नाई. एका व्यवहारात 2 लाख किंवा वर नगदी घेता येत नाई, दंड घेणाऱ्यावर बसते, तोही घेतली तेवढ्याच रकमेचा. तुमच्या दोन लाखाच्या फायद्यात दादाले दहाचा खड्डा.

लहाने काका: हे मले माहीत नोतं बाप्पा. त्याले नाई म्हणून सांगतो.

भाऊजी: दादा, लोन मागच्या वर्षी फिटलं ना तुमचं? आरसीवरून बँकेचा बोजा उतरवला का? फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी लागते. माझ्या बँकेत लोक एनओसी नेतात आणि कपाटात ठेवून देतात. ते आधी करा, त्याशिवाय ट्रान्सफर पुढे सरकत नाही.

दादा: कपाटातच हाये 🙏 सोमवारी करतो.

भाऊजी: नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल इन्शुरन्सच्या हप्त्यात मिळणारी सूट, गाडीसोबत जात नाही, तो तुमचा आहे. इन्शुरन्स कंपनीकडून तसं पत्र घ्या, 3 वर्षं चालतं. बाबांसाठी उंच गाडी घ्याल तेव्हा कामी येईल.

ताई: फास्टॅग पण बंद कर रे दादा. नाईतर घेणारा समृद्धीवर फिरन अन् टोल तुझा कटन. तुझ्या मोबाईलमधल्या बीएमडब्ल्यूच्या ॲपमधूनही गाडी काढ. अन् एक विचारू? रपट्यावर घासली होती ते सांगणार का घेणाऱ्याले?

दादा: खालचं कव्हर बदललं, बंपर रंगवला. दिसत नाई आता.

ताई: दिसत नाई म्हणूनच सांगा लागते. कोणाची तरी कमाई हाये ती.

मी: ताईचं बरोबर हाये. कव्हरचं बिल दाखव, वायरीच्या कामाचंही दाखव. टायर रनफ्लॅट हायेत, मंजे पंक्चर झाले तरी थोडे चालतात, मांगचे पुढच्यापेक्षा रुंद, म्हणून आलटूनपालटून लावता येत नाई. मांगचे झिजले हायेत, तेही सांग. भाव लाखभर उतरला तर उतरू दे. घेणारा म्हणन तर त्याच्या मेकॅनिकले स्कॅनर लावू दे.

भाचा, पुणे: सर्व्हिसचा सगळा रेकॉर्ड असेल तर भाव उतरणारही नाही मामा. अशी गाडी शोधणारे आधी तेच विचारतात. मी पुण्यातल्या दोघांना फोटो पाठवू का?

दादा: पाठव. डीलरले मी आत्ताच फोन केला. 29बी आहे म्हणते, फोटो पाठवतो म्हणाला. पोर्टलवर तपासून घेतो. तो विचारत होता दोन्ही चाव्या हायेत का. दुसरी मले सापडून नाई रायली.

आई: माह्या लोखंडी कपाटात हाये, पोथीच्या मांगं. तूच ठेवाले देली होती, गाडी आणली त्या दिवशी.