गाडीचे काळे प्लास्टिक पांढरे पडल्यावर: दर पंधरवड्याला तेल, की एकदाच पक्के कोटिंग?

दांडियाबाजारकर (मूळ लेख)

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीत उभ्या असलेल्या गाड्या मी मुद्दाम फिरून पाहिल्या. सात-आठ वर्षांच्या जवळजवळ प्रत्येक गाडीचा रंग शाबूत होता, पण पुढच्या काचेखालची जाळी, छतावरच्या पट्ट्या, चाकांवरच्या कमानी आणि दारांखालचे काळे प्लास्टिक राखेसारखे भुरकट झाले होते. निम्म्या गाड्यांवर चमक आणणारे सिलिकॉनचे तेल फासलेले होते, हे लगेच ओळखू येत होते, कारण धूळ नेमकी तिथेच चिकटली होती. माझे स्पष्ट मत असे आहे की हे दर पंधरा दिवसांचे तेल म्हणजे पैसा आणि रविवार दोन्ही वाया घालवणे आहे, आणि प्लास्टिक नीट धुऊन, कोरडे करून त्यावर एकदाच कोटिंग, म्हणजे वाळून कडक होणारा द्रवाचा लेप, लावणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

कारण सांगतो. हे प्लास्टिक बहुधा रबर मिसळलेले पॉलिप्रॉपिलीन असते आणि त्याला काळेपणा येतो तो कार्बन ब्लॅकमुळे, म्हणजे साध्या भाषेत काजळीमुळे. काजळी उन्हाने विटत नाही. विटते ते तिच्याभोवतीचे प्लास्टिक. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरच्या थरातल्या लांब साखळ्या तुटतात, पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे खड्डे आणि भेगा पडतात, आणि त्यांवर प्रकाश विखुरला की आपल्याला काळ्याऐवजी पांढुरका रंग दिसतो. ओले फडके फिरवल्यावर प्लास्टिक पुन्हा काळे दिसते ते याचमुळे, कारण पाणी त्या खड्ड्यांत भरते आणि विखुरणे थांबते. सिलिकॉनचे तेलही याहून वेगळे काही करत नाही. ते पाण्यासारखे लगेच उडून जात नाही, एवढाच काय तो फरक. कोटिंग मात्र त्याच खड्ड्यांत शिरून घट्ट बसते, आणि धुण्याने जात नाही.

आपल्या शहराचा प्रश्न वेगळा आहे, हेही लक्षात घ्यावे. बडोदे कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला असल्यामुळे जूनच्या सुरुवातीला दुपारी सूर्य अक्षरशः डोक्यावर येतो. त्यामुळे आडवे भाग, म्हणजे काचेखालची जाळी आणि छतावरच्या पट्ट्या, उभ्या बंपरच्या किती तरी आधी जातात. माझ्या २०१६ च्या गाडीवर मी फेब्रुवारीत काचेखालच्या जाळीच्या डाव्या अर्ध्या भागाला कोटिंग आणि उजव्या अर्ध्या भागाला बाजारातले चांगले तेल लावले. तेलाचा भाग दुसऱ्या धुण्यानंतर फिकट झाला. कोटिंगचा भाग दिवाळीपर्यंत काळा राहिला.

मांजलपूर

काका, आपला प्रयोग प्रामाणिक आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. आपण प्लास्टिक बिघडल्यानंतर तेल लावले आणि तेल हरले असे ठरवले. माझी गाडी नऊ वर्षांची आहे आणि मी पहिल्या महिन्यापासून पाण्यात मिसळणारे, चिकटपणा न ठेवणारे ड्रेसिंग, म्हणजे प्लास्टिकवर चोळायचे चमक आणणारे द्रव, दर दुसऱ्या रविवारी लावतो. दोनशे मिलिलिटरची बाटली मला सात-आठ महिने पुरते आणि लावायला जेमतेम वीस मिनिटे लागतात. आजही माझ्या गाडीच्या कमानी काळ्या आहेत. धूळ चिकटते ती तेल जास्त झाल्यामुळे. लावून दहा मिनिटांनी कोरड्या मायक्रोफायबरने ते पुसून घ्यायचे असते, आणि हीच पायरी बहुतेक लोक गाळतात.

कोटिंगची जी बाजू आपण सांगितली नाही, ती मी सांगतो. माझ्या मेहुण्याने एका दुकानातून ते करून घेतले. पृष्ठभाग नीट साफ केलेला नव्हता, कोपऱ्यांत जुन्या पॉलिशचे पांढरे कण राहून गेले होते, आणि त्यांवरच कोटिंग कडक झाले. आता ते पांढरे डाग कोटिंगखाली बंद आहेत आणि घासून काढायचे म्हटले तर प्लास्टिकची दाणेदार नक्षी जाते. तेल चुकीचे लागले तर साबणाने धुता येते. कोटिंगमध्ये चुकीला माफी नाही. सामान्य माणसाच्या हातात कोणती गोष्ट द्यावी, याचा विचार करताना मला हे फार महत्त्वाचे वाटते.

जुना पेट्रोकेमिकलवाला

दोघांचे वाचले. माझी नोकरी आयपीसीएलच्या (इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन लिमिटेड) बडोदा संकुलात झाली. ही कंपनी १९६९ मध्ये सुरू झाली आणि २००७ मध्ये रिलायन्समध्ये विलीन झाली. तिथे ‘कोयलीन’ या नावाने पॉलिप्रॉपिलीनच तयार होत असे, त्यामुळे या पदार्थाशी माझा जुना स्नेह आहे आणि त्याचा कमकुवतपणाही मला ठाऊक आहे. त्याच्या साखळीत एक कार्बन सोडून एका कार्बनला मिथाइलची फांदी असते, आणि त्या जागचा हायड्रोजन फार सहज सुटतो. ऊन आणि प्राणवायू तिथूनच आत शिरतात. म्हणून कारखान्यात त्यात स्थिरीकारक, म्हणजे ही झीज रोखणारी द्रव्ये, मिसळतात. हिंडर्ड अमाइन हा त्यांतला प्रमुख वर्ग आहे. हे स्थिरीकारक अमर नसतात, वर्षानुवर्षांच्या उन्हापावसात ते हळूहळू कमी होत जातात. दोन कंपन्यांच्या एकाच वयाच्या, शेजारी शेजारी उभ्या गाड्यांमध्ये एकीचे बंपर काळे आणि दुसरीचे पांढरे दिसतात, त्यात मालकाच्या काळजीइतकाच त्या मिश्रणाचाही हात असतो. म्हणून मांजलपूरकर, नऊ वर्षांचे सगळे श्रेय आपल्या बाटलीला देताना थोडे थांबावे. आपली गाडी रात्रंदिवस उघड्यावर असते की छपराखाली, हे आपण सांगितलेले नाही.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. कित्येक लोक अजूनही रॉकेल, डिझेल किंवा खोबरेल तेल फडक्यावर घेऊन प्लास्टिक पुसतात. पहिल्या तासात ते झळाळते यात शंका नाही. पण दारांच्या आणि काचांच्या कडेचे रबर बहुधा ईपीडीएम जातीचे असते. हे रबर ऊन, पाऊस आणि ओझोन उत्तम सोसते, परंतु रॉकेल-डिझेलसारख्या पदार्थांनी ते फुगते आणि मऊ पडते. आज काळी पट्टी मिळवायची आणि पुढच्या पावसाळ्यात दारातून पाणी गळायचे, असा हा व्यवहार आहे. कृपा करून हे कोणी करू नये.

वाघोडिया रोड

तेल आणि कोटिंग यांच्या वादात हीट गनचे नाव कोणीच घेतले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. आमच्या भागातल्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याने माझ्या गाडीचा पूर्ण भुरकट झालेला मागचा बंपर माझ्यासमोर अर्ध्या तासात काळा करून दाखवला. वर काहीही लावले नाही. गरम हवेचा झोत सरकत गेला आणि त्यामागून काळा रंग उमटत गेला. या गोष्टीला दीड वर्ष झाले आणि बंपर अजून ठीक आहे. ज्या उपायाला बाटली लागत नाही, दर रविवार लागत नाही आणि धूळही चिकटत नाही, त्याला विरोध का असावा?

जुना पेट्रोकेमिकलवाला

विरोध यासाठी की त्या उपायात प्लास्टिक दुरुस्त होत नाही, फक्त वरचा भेगाळलेला थर वितळून सपाट होतो. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडून वाकू लागते. हीट गनची हवा ५०० अंशांपलीकडे जाऊ शकते. म्हणजे हात क्षणभर थांबला की काम संपले. कसबी माणसाने जाड बंपरवर एकदा केले तर मी समजू शकतो. पातळ जाळीवर, आरशाच्या खोळीवर किंवा पट्टीवर मात्र कधीही करू नये. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा: गेलेले स्थिरीकारक उष्णतेने परत येत नाहीत, उलट प्लास्टिक थोडे अधिक वृद्ध होते. दुसऱ्या वेळी तोच परिणाम कमी दिवस टिकेल, आणि दाणेदार नक्षीच्या जागी चकचकीत चट्टे दिसू लागतील.

वाघोडिया रोड

चट्ट्यांविषयी आपण म्हणता ते खरे आहे. नंबर प्लेटच्या बाजूला तळहाताएवढा एक चट्टा माझ्याही बंपरवर आहे. तरीही गाडी चार वर्षांत विकायची असेल, तर प्लास्टिकचे वार्धक्य मोजत बसण्याचे कारण मला दिसत नाही.

कारेलीबागेतून

आपण सर्वजण प्लास्टिक बिघडले आहे असे गृहीत धरूनच बोलत आहात. मला वाटते, आधी ते खरोखर बिघडले आहे का, हे पाहायला हवे. माझा अनुभव सांगते. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी आमच्या गल्लीत आले, तेव्हा गाडी दारांच्या निम्म्या उंचीपर्यंत पाण्यात होती. यंत्राचे काम झाले, रंग धुऊन निघाला, पण काळ्या प्लास्टिकवर मातकट-पांढरी झाक कायम राहिली. दोन ठिकाणी मला प्लास्टिक संपले, कोटिंग करा किंवा नवे बसवा, असे सांगण्यात आले. मी यातले काहीच केले नाही. मऊ ब्रश घेतला, साधा गाडीचा शॅम्पू घेतला आणि एकेका पट्टीला पाच-पाच मिनिटे दिली. दाण्यांमधून तो गाळ फेसाबरोबर तीन रविवार निघत होता. नंतर जे पांढरे ठिपके उरले ते आमच्या बोअरच्या पाण्याच्या क्षाराचे होते. पाण्यात मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने ते विरघळले आणि लगेच स्वच्छ पाण्याने मी सर्व धुतले. शेवटी जे प्लास्टिक समोर आले ते शोरूममधल्यासारखे काळे नव्हते, थोडे करडे होते, आणि मला ते तसेच चालते.

दांडियाबाजारकर दादा, आपलीच ओल्या फडक्याची परीक्षा मी इथे वापरीन. ओले केल्यावरही पांढरा डाग दिसत राहिला, तर तो बहुधा क्षार, गाळ किंवा वाळलेले पॉलिश असते आणि त्यावर तेल काय, कोटिंग काय, दोन्ही चूकच आहे. धुण्याच्या दुकानात रंगाला पॉलिश करताना काळ्या पट्ट्यांवर कागदी चिकटपट्टी लावायला सांगा, म्हणजे अर्धे पांढरे डाग जन्मालाच येणार नाहीत. मी हे प्रत्येक वेळी उभे राहून करून घेते. आणखी एक विनंती: काचेखालच्या जाळीवर सिलिकॉन लावूच नये. पहिल्या पावसात ते काचेवर ओघळते, वायपर फिरला की काचेवर धुरकट पडदा तयार होतो, आणि रात्री समोरून दिवे आले की रस्ता दिसत नाही. हा सौंदर्याचा प्रश्न राहत नाही.

मांजलपूर

ताईंचा शेवटचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो आणि जाळीवर ड्रेसिंग लावणे आजपासून बंद करतो. पेट्रोकेमिकलवाल्या काकांच्या प्रश्नाचे उत्तरही देतो: माझी गाडी दिवसा कार्यालयाच्या छपराखाली आणि रात्री घराच्या पोर्चमध्ये असते. तेव्हा सावलीचा वाटा मोठा आहे, हे मला कबूल करावे लागते. परंतु थोडे करडे प्लास्टिक चालते, हे मला मान्य नाही. वस्तू जशी घेतली तशी राखावी, असे मला मनापासून वाटते, आणि त्यासाठी महिन्यातून दोनदा वीस मिनिटे देणे मला जड जात नाही.

दांडियाबाजारकर

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. कारेलीबागच्या ताईंनी माझ्या लेखातली खरी उणीव दाखवली. मी ‘नीट धुऊन, कोरडे करून’ हे चार शब्दांत उरकले, वस्तुतः माझ्या जाळीवर त्या कामाला पूर्ण सकाळ गेली होती. ब्रश आणि शॅम्पूने धुणे, दोन तास सावलीत वाळवणे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून आधीचे तेल काढणे, आणि पुसलेल्या फडक्यावर करडा रंग उतरणे थांबेपर्यंत ते पुन्हा पुन्हा करणे, एवढे झाल्यावरच मी कोटिंगची बाटली उघडली. मांजलपूरकरांच्या मेहुण्यांच्या बाबतीत नेमके हेच राहिले असावे. ज्यांनी वर्षानुवर्षे सिलिकॉन फासले आहे, त्यांच्या प्लास्टिकवर हे काम दुप्पट होते, आणि तेलाविरुद्धची माझी जुनी तक्रार हीच आहे की ते पुढचा प्रत्येक उपाय अवघड करून ठेवते. पुढेमागे बंपर रंगवायचा झाला तर सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी रंग फाटून माशाच्या डोळ्यासारखी गोल छिद्रे पडतात, हे कोणताही पेंटर सांगेल.

तरीही छपराखाली राहणाऱ्या नव्या गाडीला कोटिंगची घाई नाही, हे मी मान्य करतो. माझा आग्रह उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या आडव्या भागांपुरता ठेवतो. त्यांना तेलाने आणि रविवारांनी वाचवता येते, असे मला अजूनही वाटत नाही.

मांजलपूर

मग असे करू. माझ्या वडिलांची जुनी गाडी गेटबाहेर पूर्ण उन्हात असते आणि तिच्या छतावरच्या दोन्ही पट्ट्या सारख्याच भुरकट आहेत. डावी पट्टी काका, आपण कोटिंग करा. उजवीला मी माझ्या पद्धतीने दर पंधरा दिवसांनी ड्रेसिंग लावतो. ताईंनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही आधी एकाच दिवशी, एकाच ब्रशने धुऊ. येत्या रविवारी सकाळी आठला, ऊन चढण्याआधी, आपल्याला जमेल का?

दांडियाबाजारकर

जमेल. अल्कोहोल आणि फडकी मी आणतो. फक्त कोटिंगनंतर एक दिवस गाडीवर पाणी पडता कामा नये, तेवढे वडिलांना सांगून ठेवावे.