येऊर, कर्नाळा : एका दिवसाच्या रानवाटेचे तुमचे अनुभव सांगा

परवा घोडबंदर रोडवर पाऊण तास गाडी जागची हलली नाही. डाव्या हाताला येऊरचा डोंगर पावसानं धुऊन निघालेला, ढग माथ्याला टेकलेले. मुलगा म्हणाला, "आई, तिथे जाता येतं का गं?" अकरा वर्षं या रस्त्यावर राहतेय आणि त्याला एकदाही तिथे नेलं नाही, याचं फार वाईट वाटलं. पुढच्याच रविवारी गेलो. माझ्या ओळखीतल्या कित्येकांना येऊर म्हणजे नुसती हॉटेलं आणि बंगले वाटतात. ती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू आहे, सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या जंगलाचा काठ. वनखात्याच्या चौकीवर विचारूनच पुढे गेलो, कारण सगळ्याच वाटा सगळ्यांना खुल्या नसतात. दोन तासांत बिबट्या दिसला नाही, पण ओल्या मातीत उमटलेला पंजा दिसला. मुलगा त्याच्याशेजारी उकिडवा बसून राहिला, उठायलाच तयार नव्हता.

तुम्ही कुठे गेलात? काय पाहिलंत, काय चुकलं? सविस्तर लिहा.

नेरूळहून

आमचं कर्नाळा. पनवेलहून पेणकडे जाणारी एसटी पकडली की अभयारण्याच्या दारात उतरता येतं. १९६८ साली पक्ष्यांसाठी राखलेलं हे रान, सुरुवातीला जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचं. नंतर हद्द वाढली. दारावर पिशव्या तपासतात, प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतात आणि परत येताना बाटली दाखवली की पैसे परत. काही जण तिथे वाद घालतात. मला मात्र ही पद्धत मनापासून आवडते. वरपर्यंत वाट स्वच्छ आहे ती त्यामुळेच.

किल्ल्याची चढण दाट झाडीतून आहे. ऊन लागत नाही, पण हवा कोंडते आणि घामानं माणूस निथळतो. माणशी दोन लिटर पाणी हवंच. वर कर्णाई देवीचं देऊळ, मग दरवाजा, आणि समोर तो सुळका, महामार्गावरून अंगठ्यासारखा दिसणारा. त्याच्या पायथ्याशी पाण्याची खोदीव टाकी आहेत. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा या गडाचे किल्लेदार होते. फडक्यांचं जन्मगाव शिरढोण याच रस्त्यावर लागतं, उतरताना तिथे जरूर थांबा.

आता चुकीबद्दल. सुळक्यावर आग्या मोहोळं असतात. आमच्या पुढच्या गटातल्या एकानं अंगावर सुगंधी फवारा मारला, दुसऱ्यानं शिट्ट्या सुरू केल्या. मिनिटभरात माश्या उठल्या. आम्ही ओढण्या तोंडावर घेऊन खाली बसलो, म्हणून तीन-चार डंखांवर निभावलं. त्या गटातल्या एका मुलाला मात्र दोघांनी धरून उतरवावं लागलं. अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. हात जोडून सांगतो.

नौपाड्याहून

मी सत्तरीची. गड चढणं आता होत नाही, पण येऊरच्या सपाटीला जाते. पाऊस लागला की बाजारात शेवळं ही रानभाजी घेऊन बसणाऱ्या बायकांकडून चाळीस वर्षं जुड्या घेतल्या. काकडं, म्हणजे आंबट रानफळं, घालून केली नाहीत तर घसा खाजतो, हे सासूबाईंनी शिकवलं. पण शेवळं उगवतात कशी, ते मागच्या जूनमध्ये पहिल्यांदा पाहिलं. पान नाही, काही नाही, पाचोळ्यातून नुसता जांभळट कोंब वर आलेला. सोबतच्या बाई म्हणाल्या, "आजी, सगळी नाही खुडायची, कंद जमिनीत ठेवायचा." त्या दिवसापासून जुडीचा भाव करताना माझी जीभ अडते.

पनवेलहून

कर्नाळ्याला पक्ष्यांसाठी जाणाऱ्यांनी गडाच्या वाटेला लागूच नये. हरियाल आणि मोरटाका या वाटा त्यासाठी बऱ्या. सकाळी लवकर शीळकरी कस्तूर ऐकू येतो, माणूसच शीळ घालतोय असं वाटतं. पावसाळ्यात तिबोटी खंड्या ओढ्याकाठच्या मातीत बीळ करून पिल्लं वाढवतो. चिमणीएवढा जीव. एकदा बिळासमोर आठ-दहा कॅमेरे लागलेले पाहिले. चोचीत पाल धरून पक्षी फांदीवर ताटकळत होता, आत जाईना. त्या रांगेत मीही होतो. कॅमेरा पिशवीत घातला आणि उठलो. तेव्हापासून घरट्याचा फोटो काढत नाही आणि जागाही कोणाला सांगत नाही.

कळव्याहून

२०१६ मध्ये कारवीची झुडपं फुलली तेव्हा लेक सहा वर्षांची होती. आठ वर्षांतून एकदाच येणारा बहर, उतारच्या उतार जांभळा, आणि मधमाश्यांची एकसारखी गुणगुण. बहर संपला की झाड मरतं, वाळलेली बोंडं तडकन फुटून बी उडतं, हे तिला सांगितलं. तिनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "म्हणजे पुढच्या वेळी मी चौदाची." घरी येऊन कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. तो कागद अजून आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

येऊरच्या एका पाड्यावरून

सगळ्यांचं वाचलं. मी इथलीच, वारली. ज्या कारवीचे फोटो तुम्ही काढता तिच्या काठ्यांच्या कुडात माझी आजी राहिली. बिबट्याबद्दल लोक घाबरून विचारतात. आमच्यात वाघोबा देव आहे, दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याला पुजतो. अंधार पडला की पोराला एकटं सोडायचं नाही, कोंबड्या झाकायच्या, एवढं लहानपणापासून अंगात मुरलेलं. भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. शनिवारी रात्री मोठमोठ्यानं गाणी लागतात, आणि सकाळी ओढ्यात बाटल्यांच्या काचा. माझ्या भावाचा पाय कापला, सात टाके पडले. पावसाळ्यात ओढ्यात उतरायला बंदी असते तरी लोक उतरतात, आणि कोणी वाहून गेलं की शोधायला आमचीच पोरं जातात. तुम्ही दिवसा येता, विचारून चालता, ते आम्हाला आवडतं. वाट विचारा, आम्ही सांगू.

घोडबंदरहून (धागा मीच काढला)

ताई, वाचून मुलालाही दाखवलं. येत्या रविवारी आम्ही तिघं येतो आहोत. ओढ्यातल्या काचा वेचायच्या असतील तर बरोबर काय आणू?

येऊरच्या पाड्यावरून

गोण्या आणा, सिमेंटच्या रिकाम्या असतात तशा. जाड तळाचे बूट घाला. आणि सकाळी सात वाजता या. काठावरच्याच काचा वेचू, पाण्यात उतरायचं नाही.