पीईडी व्हायरस एकच, मग एका स्ट्रेनमध्ये सगळी पिल्लं जातात आणि दुसऱ्यात नुसती हगवण, असं का?

परळचा_व्हेट:
नमस्कार मंडळी, परळला व्हेटरनरीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सेमिनारला विषय गळ्यात पडलाय डुकराच्या पिल्लांमधला पीईडीव्ही, म्हणजे डुकरांच्या साथीच्या हगवणीचा (पीईडी) व्हायरस. मूळ गोष्ट कळली, कोरोना कुळातला व्हायरस, 1971 ला इंग्लंडमध्ये आजार पहिल्यांदा दिसला, 1978 ला बेल्जियममध्ये त्याचा सीव्ही777 हा स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, ओळखला गेला, आतड्यातले व्हिलाय, म्हणजे अन्न शोषणारे बोटांसारखे बारीक उंचवटे, झडतात आणि पिल्लू पाणी आटून मरतं. पण पुढे गाडं अडलंय. युरोपात नंतर हा आजार बराच थंडावला होता, मग 2010 च्या शेवटाला चीनमध्ये सीव्ही777 ची लस दिलेल्या फार्मवरसुद्धा पिल्लांचा फडशा पडला, 2013 ला अमेरिकेत तेच, आणि लगेच 2014 ला ओहायोत सौम्य स्ट्रेन सापडला. सौम्य की जहाल हे नक्की कशावरून ठरतं? नुसतं जी1, जी2 असे जनुकीय गट लिहून सर मला सोडणार नाहीत हे नक्की 😅

ठाणेकर_लॅबवाली:
स्पाइक प्रोटीनपासून, म्हणजे व्हायरसच्या अंगावरच्या काट्यांपासून, सुरुवात कर. सीव्ही777 चा स्पाइक 1383 ॲमिनो ॲसिडचा, जी2 वाल्यांचा, म्हणजे नव्या जहाल गटाचा, साधारण 1386. एका ठिकाणी 4 वाढले, दुसरीकडे 1 वाढला आणि पुढे 2 गेले, म्हणून 3 चा फरक, आणि हे सगळं स्पाइकच्या सुरुवातीच्या भागात, एस1 मध्ये. ओहायोच्या त्या सौम्य स्ट्रेनला, ओएच851 ला, एस-इन्डेल (स्पाइकमध्ये तुकडे वाढलेले किंवा गळलेले) म्हणतात कारण त्या जागी त्याचा नमुना सीव्ही777 सारखा आहे, जहाल अमेरिकन स्ट्रेनसारखा नाही. हे नाव कुणी ठेवलं देव जाणे, इन्डेल म्हटलं की पोरांना वाटतं याच्यातच काहीतरी तुटलंय, खरं तर तुलना कोणाशी करतोय त्यावर ते अवलंबून आहे, स्लाइडवर संदर्भ स्ट्रेन लिहायला विसरू नकोस.
एक अजून, अमेरिकेतलाच पीसी177 बघ, त्याच्या स्पाइकच्या सुरुवातीच्या भागातले 197 ॲमिनो ॲसिड गायब आहेत आणि पिल्लांमध्ये तो बराच नरम निघाला. टीजीई या डुकरांच्याच दुसऱ्या कोरोना व्हायरसमध्ये तर याहून भारी उदाहरण आहे, स्पाइक जीनमधला 600 च्या वर न्यूक्लिओटाइडचा तुकडा गेला आणि आतड्याचा व्हायरस श्वसनाचा झाला, तो पीआरसीव्ही, बेल्जियममध्ये 1984 ला सापडला. पण इन्डेल दिसलं म्हणजे सौम्यच असा नियम नाही हां, ती ओळखखूण आहे, बाकीच्या जीनोममध्येही फरक असतात.

डॉक्टर_काका:
मॅडमनी व्हायरसची बाजू छान सांगितली पण तुम्ही पोरं सीक्वेन्समध्ये इतके रमता की डुकरीण विसरता. एस-इन्डेलच्या एका प्रयोगात वेगवेगळ्या मादींच्या पिल्लांमध्ये मृत्यू 0 पासून 75 टक्क्यांपर्यंत होते, स्ट्रेन एकच बरं का! ज्या माद्या आजारी, दूध कमी, त्यांची पिल्लं जास्त गेली. जर्मनीत 2014 ला एस-इन्डेलच होता तरी काही फार्मवर मोठं नुकसान झालं. याचं कारण असं की आठवड्याच्या आतल्या पिल्लाच्या आतड्याच्या पेशी नव्या यायला 5 ते 7 दिवस लागतात, तीन आठवड्यांच्या पिल्लाला 2 ते 3 दिवस, आणि तोपर्यंत टिकायचं कशावर तर दुधातल्या आयजीए या अँटिबॉडीवर. मादीच्या आतड्याला आधी व्हायरस भेटलेला असेल तर ते दुधात उतरतं, नुसतं स्नायूत इंजेक्शन दिलं तर तितकं उतरत नाही, म्हणून तर अमेरिकेत गाभण माद्यांना मुद्दाम आजारी पिल्लांचं आतडं खाऊ घालायचे. ऐकायला कसंतरी वाटतं पण चालतं, त्यात दुसरे रोगही पसरतात हा भाग वेगळा. सेमिनारमध्ये स्ट्रेन, पिल्लाचं वय आणि आईचं दूध हे तिन्ही एकत्र मांड बाळा, नाहीतर पहिल्याच प्रश्नाला अडकशील.

परळचा_व्हेट:
बाप रे काका, ही आकडेवारी लय कामाची आहे, थँक्यू. मग मॅडम, लॅबमध्ये आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह आला की स्ट्रेन कळतो का?

ठाणेकर_लॅबवाली:
नाही रे. बहुतेक किट एन किंवा एम जीन पकडतात, तो भाग सगळ्यांमध्ये जवळजवळ सारखाच, त्यामुळे पीईडीव्ही आहे एवढंच कळतं. स्ट्रेन हवा तर एस1 चं सीक्वेन्सिंग, नाहीतर त्या इन्डेलवरच बेतलेला वेगळा पीसीआर. रक्तातल्या अँटिबॉडीवरून तर स्ट्रेन वेगळे काढणं अजून अवघड, एकमेकांवर प्रतिक्रिया देतात.

वसईचा_पिगरीवाला:
मी वसईला छोटी पिगरी चालवतो, तुमचं अर्धं डोक्यावरून गेलं पण एक विचारतो, मागच्या पावसाळ्यात एका विणीतली बरीच पिल्लं पातळ हगून हगून गेली, मोठी डुकरं ठणठणीत होती, हा तोच का? आणि आपल्याला होतो का हो हा कोरोना, घरची बायको रोज तिथे असते, तिला टेन्शन आलंय.

डॉक्टर_काका:
माणसाला होत नाही दादा, वहिनींना सांगा निर्धास्त राहा, फक्त हात धुवायचे नेहमीसारखे. मोठ्यांना काहीच झालं नाही आणि एकाच विणीत झालं तर मी आधी ई. कोलाय, रोटाव्हायरस आणि कॉक्सिडिया हे आतड्यातले परजीवी बघेन. पीईडी नवीन शिरला की दोन-चार दिवसांत मोठी डुकरंसुद्धा ढाळ करतात, ओकतात, खाणं सोडतात. पुढच्या वेळी असं झालं तर लक्षणं नुकतीच सुरू झालेल्या पिल्लाची पातळ विष्ठा बर्फात घालून जवळच्या सरकारी दवाखान्यात द्या, आणि पिल्लू मेलं तर सकाळपर्यंत ठेवू नका, आतडं फार पटकन सडतं, मग तपासणाऱ्याला व्हिलाय कसले दिसतायत. तोवर पिल्लांना मीठसाखरेचं पाणी आणि ऊब, आणि डुकरांचा टेम्पो दुसरीकडून येत असेल तर चाकं धुतल्याशिवाय आत घेऊ नका, हा व्हायरस शेणातून गाडीवर बसून फिरतो.

वसईचा_पिगरीवाला:
बरं डॉक्टर. टेम्पो तर कसाईखान्यातून थेट आमच्या दारातच येतो, आता गेटबाहेरच थांबवतो त्याला.